हलकी सायकल, ओला ब्रेक

जुन्या दांडीच्या सायकलीला नव्या तऱ्हेचे सुटे भाग बसवण्याची टूम अलीकडे बरीच दिसू लागली आहे. शहरात ती बहुधा हौसेची असते. खेड्यात कारण वेगळे असते. वडिलांची सायकल गोठ्यात पडून असते, भंगारवाला ती किलोने मागत असतो, आणि रोज शाळेत जायला काहीतरी हवेच असते. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेव इथे राहणाऱ्या आमच्या एका शिक्षकमित्रांनी असाच प्रयोग केला आणि आम्हांला निरोप धाडला, "एकदा येऊन बघा, आणि काय ते स्पष्ट सांगा." त्यांची शाळा गावापासून सात किलोमीटरवरच्या एका वस्तीवर आहे. आम्ही गेलो, सायकल उलटी करून पाहिली, चालवली, हळदीच्या काट्यावर तिचे वजन केले. स्पष्ट सांगायचे ते मित्रांना तिथेच सांगितले. त्यांच्या संमतीने ते इथे मांडत आहोत, कारण अशा सायकली आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असतील आणि त्यांवर होणारा खर्चही याच वाटेने जात असेल.

मूळ सायकल आपल्या सर्वांच्या ओळखीची. काळा रंग, दांडी आडवी, चाके २८ बाय दीडची, मागे जाड कॅरिअर, दुहेरी स्टँड, साखळीवर पत्र्याचे पूर्ण झाकण आणि सळयांचे ब्रेक. वजन २२ किलो. पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०, कारण भार मागे असतो. ही इंग्लंडमधली जुनी पद्धत, ती आपल्याकडच्या कारखान्यांनी जशीच्या तशी उचलली. सायकल लुधियानाची. नामदेव महाराज नरसीहून निघून पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि पुढे कित्येक शतकांनी पंजाबातून या सायकली नरसीत आल्या, असे आमचे मित्र हसून सांगतात.

मित्रांनी काय काय बदलले? मागचे चाक नवे घेतले, ॲल्युमिनियमच्या रिमचे, ३६ आऱ्यांचे. त्यावर सहा दातेरी चकत्यांचे फ्रीव्हील आणि साखळी एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर ढकलणारा गिअर बसवला. मागचा सळईचा ब्रेक नव्या रिमला लागेना, म्हणून तो काढून तारेचा चिमटा-ब्रेक लावला. साखळीचे झाकण, कॅरिअर आणि स्टँड काढून टाकले. पुढचे चाक, पुढचा ब्रेक आणि हँडल जुनेच ठेवले. सायकल आता १८.५ किलोची आहे. "साडेतीन किलो उतरले," हे मित्रांनी आम्हांला तीन वेळा सांगितले.

आमचा पहिला आक्षेप या साडेतीन किलोंच्या अभिमानावर आहे. "जड सायकल म्हणून दमतो" हे वाक्य इतके सरसकट बोलले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. तपासणे अवघड नाही. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना सायकलस्वाराला दोनच गोष्टींशी झगडावे लागते : टायरचा गडगडण्याला होणारा विरोध आणि हवेचा विरोध. पहिला विरोध एकूण वजनाच्या प्रमाणात असतो. आमच्या मित्रांचे वजन ६० किलो, जुनी सायकल २२ किलो, मिळून ८२. अशा जाड टायरला, हवा नीट भरलेली असेल तर, विरोधाचा गुणांक ०.००८ च्या आसपास धरायला हरकत नाही. म्हणजे बल झाले सुमारे ६.४ न्यूटन. ताठ बसलेल्या माणसाला ताशी १५ किलोमीटर वेगाला हवेचा विरोधही जवळपास तितकाच, सव्वासहा न्यूटन होतो. एकूण साडेबारा-पावणेतेरा न्यूटन. वेगाने गुणले की साधारण ५३ वॅट शक्ती लागते असे दिसते.

आता साडेतीन किलो कमी करा. बल घटते ते सुमारे पाव न्यूटनने, म्हणजे शेकडा दोनने. सात किलोमीटरला २८ मिनिटे लागत असतील, तर तेवढ्याच मेहनतीत अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी वेळ वाचेल. त्या अर्ध्या मिनिटासाठी कॅरिअर गेले. आता वह्यांचा गठ्ठा पाठीवर न्यावा लागतो, आणि गठ्ठ्याचे वजन काही कमी झालेले नाही!

याउलट टायरमधली हवा पाहा. हवा कमी असली की टायर जमिनीवर जास्त दबतो, दर फेऱ्याला रबर वाकते आणि सुटते, आणि त्यात ऊर्जा वाया जाते. गुणांक ०.००८ वरून ०.०१२ वर गेला तर बल सव्वातीन न्यूटनने वाढते. एकूण विरोधाच्या मानाने ही वाढ शेकडा २५ आहे. तीच मेहनत करून मित्रांना शाळेत पोचायला जवळजवळ चार मिनिटे उशीर होईल. आम्ही सायकल हातात घेतली तेव्हा पुढचा टायर अंगठ्याने सहज दबत होता. साडेतीन किलो उतरवून जे कमावले त्याच्या कितीतरी पट ते त्या टायरात गमावत होते.

याला केवळ आळस कारण नाही. जुन्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, आत रबरी नळी असलेला, त्यातून हवेचा दाब मोजता येत नाही. अंगठा हेच मोजमाप. मोटारसायकलीसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब जुन्या रिमच्या भोकात बसते आणि मग साध्या दाबमापकाने दाब बघता येतो. टायरच्या कडेला किती दाब हवा ते छापलेलेच असते. सगळ्या नव्या भागांत हा सर्वांत स्वस्त, आणि मित्रांच्या यादीत नेमका हाच नव्हता. बाभळीच्या काट्यांच्या आमच्या मुलखात ट्यूब वर्षाकाठी बदलावी लागतेच. तेव्हा वेगळा खर्चही नाही.

हा भाग वर्गात करून पाहण्याजोगा आहे. विद्यार्थ्याला सायकलीवर बसवा, पुढे दोरी बांधा आणि दोरीत ताणकाटा अडकवून सपाट रस्त्यावर सावकाश, एकसारखे ओढा. सावकाश, म्हणजे हवेचा विरोध नगण्य राहील. मोठ्या माणसाला काटा साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास दाखवतो. मुले हलकी असल्याने वाचन त्याहून कमी येईल. हवा अर्धी सोडा आणि पुन्हा ओढा. मग हवा पुन्हा भरून कॅरिअरवर साडेतीन किलोची पिशवी ठेवा आणि तिसऱ्यांदा ओढा. तिन्ही वाचने फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की वजनाबद्दलचा वाद आपोआप मिटतो.

वजनाविषयी एक अर्धसत्यही दुकानात ऐकायला मिळते : "रिममधला एक किलो म्हणजे फ्रेममधले दोन किलो." यात तथ्य आहे, पण मर्यादित. रिम सायकलीबरोबर पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरतेही, म्हणून तिला वेग देताना दुप्पट गतिज ऊर्जा द्यावी लागते. मात्र हे फक्त वेग वाढवताना. एकदा वेग आला की चढावर रिममधला किलो हा एकच किलो असतो आणि सपाटीवर तर त्याचा प्रश्नच फारसा उरत नाही. दर शंभर मीटरला सिग्नल असलेल्या पुण्यात हे गणित थोडे महत्त्वाचे आहे. नरसीहून वस्तीकडे जाताना थांबावे लागते ते म्हशींसाठी.

चढावर मात्र वजन लागते, हे आम्ही नाकारत नाही. कयाधूच्या खोऱ्यातला हा रस्ता ओढ्यात उतरतो आणि पुन्हा चढतो. शंभर मीटरला तीन मीटर असा चढ धरला तर ८२ किलो वर चढवायलाच २४ न्यूटन लागतात. साडेतीन किलोंनी त्यात एक न्यूटन वाचेल. पण चढावर माणूस दमतो तो मुख्यतः गिअर चुकीचा असल्यामुळे, आणि इथे मित्रांचे निदान बरोबर होते. आमची टीका उपायावर आहे.

जुन्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८. पायडलाचा एक फेरा झाला की सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. वरच्या चढावर ताशी ९ किलोमीटरने जायचे तर पायडलाचे मिनिटाला जेमतेम २७ फेरे होतात. पाय रेटत, हँडल ओढत, दर फेऱ्याला सारे अंग टाकत जावे लागते. गुडघे दुखतात ते इथे. मागच्या १८ दात्यांऐवजी २२ दात्यांचे फ्रीव्हील घातले तर एका फेऱ्याला साडेचार मीटर होतात. बल जितके कमी लागते तितके फेरे वाढतात, एकूण काम तेच राहते. तरफेचा नियमच हा, पण इथे तो गुडघ्याला समजतो. सपाटीवरही ताशी १५ ला ४५ ऐवजी ५६ फेरे होतात आणि पायांना ते सोसते. या एका चकतीने पायावरचा भार १८ टक्क्यांनी उतरतो. साखळीला दोनेक कड्या वाढवाव्या लागतात, बाकी सायकलीला हातही लावायला नको.

मित्रांनी त्याऐवजी सहा गिअर लावले. १४ पासून २८ दात्यांपर्यंत. सर्वांत लहान चकतीवर एका फेऱ्याला सात मीटर! तो गिअर सपाटीवर वापरायचा तर ताशी २५ किलोमीटरने जायला हवे. आम्ही विचारले, रोज किती गिअर वापरता? म्हणाले, "दोन. फार तर तीन." मग बाकीचे तीन कशासाठी वाहून न्यायचे?

पण याहून मोठी गोष्ट म्हणजे या गिअरने मागे ओढत आणलेली बदलांची रांग. जुन्या सायकलीची साखळी रुंद, आतून एक अष्टमांश इंचाची. सहा चकत्यांच्या गिअरला अरुंद साखळी लागते, तीन बत्तीसांश इंचाची. ती पुढच्या जुन्या जाड दात्यांवर बसत नाही. म्हणून पुढचे दातेरी चाक बदलले. ते बदलायचे तर कॉटर पिना ठोकून काढणे आले. गंजलेल्या पिनांपैकी एक वाकली, मग आसही बदलला. नव्या हबला ३६ भोके, जुन्या रिमला ४०, म्हणून रिम नवी. नवी रिम आली म्हणून सळईचा ब्रेक गेला. नवा हब रुंद, जुन्या फ्रेमच्या मागच्या दोन फाट्यांमधले अंतर जेमतेम ११ सेंटिमीटर. म्हणून मिस्त्रींनी लाकडी दांडका घालून फाटे फाकवले. साखळी आडवी सरकायला जागा हवी, म्हणून झाकण निघाले. झाकण निघाल्याने काळ्या मातीची धूळ थेट साखळीवर बसू लागली. दोन महिन्यांतच साखळी ताणली गेल्याची तक्रार सुरू झाली. मित्रांनी विकत घेतला होता एकच भाग, गिअर. बाकीचे सगळे त्या एका भागाने मागून घेतले.

टायरचीही एक गंमत झाली. नव्या रिमवर बसवायला मित्रांनी घरातलाच २८ चा टायर काढला. तो ढिला बसला. दोन्ही '२८ इंची' आणि तरी माप वेगळे, कारण आपल्या दांडीच्या सायकलीच्या रिमचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि नव्या '७०० सी' रिमचा ६२२. तेरा मिलिमीटरांचा फरक. '२८' हा आकडा टायर फुगल्यावरचा बाहेरचा अंदाजे व्यास सांगतो, आणि बसण्याच्या जागेबद्दल काहीच सांगत नाही. आता टायरच्या कडेला ४०-६३५, ३७-६२२ असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला रुंदी, दुसरा खरा व्यास. मापनाच्या पाठात, एकाच नावाची दोन मापे कशी फसवतात हे सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

फाटे फाकवण्याच्या प्रकाराबद्दल मात्र चार बरे शब्द लिहिले पाहिजेत. ही जुनी फ्रेम साध्या पोलादाची, नळ्या सांध्यांत पितळेने जोडलेल्या. पोलाद थोडे ताणले तर परत येते, त्यापलीकडे ताणले तर नव्या आकारात राहते, आणि तरी तुटत नाही. मिस्त्रींनी हा गुणधर्म पुस्तकात वाचलेला नसेल, पण त्यांच्या हाताला तो ठाऊक आहे : ते एकदा फाकवतात, सोडतात, मोजतात, पुन्हा फाकवतात. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग केला तर तडा जाण्याची भीती असते, आणि गेला तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे त्याला उपाय नाही. जड म्हणून जिला नावे ठेवली जातात, त्या सगळ्या सायकलीत निर्दोष भाग कुठला असेल तर ही फ्रेम. तिचा लांब पाया आणि तिरपा चिमटा खडीच्या रस्त्यावर हादरे पचवतो. एकाही नव्या फ्रेमने तिची जागा घ्यावी असे आम्हांला वाटत नाही.

आता ब्रेककडे येतो. या लेखाचे खरे कारण तेच आहे.

आषाढीनंतरच्या वद्य एकादशीला नरसीत परतवारी भरते. पंढरपूरहून परतलेले वारकरी नामदेवांच्या गावी येतात, रस्ते माणसांनी भरून जातात, आणि दिवस पावसाचे असतात. गेल्या परतवारीला आमचे मित्र पावसात, ओढ्याकडच्या उतारावरून येत होते. समोर दिंडी. त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. पुढच्याने काहीच झाले नाही, मागचे चाक घसरले आणि ते सायकलीसकट कडेच्या चिखलात गेले. गुडघा सोलवटला, इतकेच. चिखल डाव्या हाताला होता आणि दिंडी उजव्या हाताला, हे नशीब.

काय झाले असेल? सळईच्या ब्रेकमध्ये हँडलखालचा दांडा दाबला की सळई नालेच्या आकाराचा एक तुकडा वर ओढते आणि त्याच्या दोन टोकांचे रबर रिमच्या आतल्या, आऱ्यांकडच्या अंगाला टेकते. या रचनेचा एक गुण मान्य केला पाहिजे : चाकाला थोडा आउट आला तरी ती चालते आणि तार तुटण्याचा प्रश्न नसतो. पण रिम पोलादाची, वर क्रोमचा गुळगुळीत मुलामा. कोरड्यात रबर तिला बऱ्यापैकी धरते. पाणी आले की रबर आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि पकड जाते. किती जाते? व्हिट आणि विल्सन यांच्या 'बायसिकलिंग सायन्स' या १९७४ साली प्रथम निघालेल्या आणि अजून नव्या आवृत्त्यांतून वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात या चाचण्यांची चर्चा आहे. पोलादी रिमवर ओल्यातली पकड कोरड्याच्या सुमारे एक दशांशापर्यंत खाली येते. ॲल्युमिनियमच्या रिमवर घट इतकी भयंकर नसते.

आकडे मांडून पाहू. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर. कोरड्या रस्त्यावर ब्रेकने दर सेकंदाला अडीच मीटर प्रति सेकंद इतका वेग उतरला तर सायकल सव्वासहा मीटरांत थांबते. ओल्या पोलादी रिमांवर, उदार मनाने, अर्धा मीटर प्रति सेकंद धरू. थांबायला ३१ मीटर लागतात. शाळेच्या व्हरांड्याची लांबी मोजून पाहा, म्हणजे हा फरक डोळ्यांना दिसेल.

मित्रांचे म्हणणे असे की मागची रिम तर नवी होती, तिने का थांबवले नाही? याचे उत्तर खडूच्या डबीने देता येते. डबी टेबलावर उभी ठेवा, तळाला दोरा बांधून झटकन मागे ओढा. डबी पुढे झुकते. सायकल थांबवतानाही हेच होते : माणसाचे वजन उंचावर, ब्रेकचे बल खाली रस्त्याशी, त्यामुळे भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाची रस्त्यावरची पकडही कमी. म्हणून मागचा ब्रेक कितीही उत्तम असला तरी एकट्या त्याने मिळणारे मंदन गुरुत्वत्वरणाच्या पाव पटीच्या पुढे फारसे जात नाही, तेही कोरड्या रस्त्यावर. त्याहून जोरात दाबाल तर चाक अडकून घसरते. पुढच्या ब्रेकला ही मर्यादा नाही. ताठ बसण्याच्या या सायकलीवर तो याच्या दुपटीहून अधिक मंदन देऊ शकतो. "पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो" ही भीती मुलांना घालून आपण त्यांना अर्धाच ब्रेक वापरायला शिकवतो. सांगायचे ते हे की दोन्ही दाबा, पुढचा हळूहळू वाढवत न्या, आणि अंग मागे रेटा.

म्हणजे सायकलीवर एक चाक बदलायचे पैसे असतील तर ते पुढचे बदलायला हवे होते. मित्रांनी मागचे बदलले, कारण गिअर मागे असतो. गिअर दुकानात काचेमागे मांडलेला असतो, तर ब्रेकचे रबर बरणीत पडलेले. मिस्त्रींना आम्ही विचारले, "पुढचा ब्रेक का नाही बदलला?" त्यांनी सरळ उत्तर दिले, "सर, सरांनी गिअर मागितला. ब्रेक चालू होता की." चालू होता हे खरेच, कोरड्यात चालूच होता.

या चुकीचा सारा दोष मित्रांवर किंवा मिस्त्रींवर टाकणे आम्हांला बरोबर वाटत नाही. स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरांचा हब इंग्लंडात १९०२ सालापासूनचा. त्याची १९३६ साली आलेली रचना, मधला गिअर सरळ, खालचा पाऊणपट आणि वरचा एक-तृतीयांशाने जास्त, आजही निघते. गिअर हबच्या पोटात, त्यामुळे धूळ नाही, साखळी रुंदच राहते, झाकणही जागेवर. आपल्या रस्त्यांना हेच योग्य होते. तरीही आपल्याकडच्या कारखान्यांनी दशकानुदशके एकाच चकतीची, तीही जड चकतीची, सायकल लाखोंनी विकली आणि पावसाळ्याच्या देशात क्रोमच्या रिमवर सळईचा ब्रेक ठेवला. गिऱ्हाइकाने मागितले नाही, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. आणि आम्ही विज्ञान लिहिणारेही यात आहोतच. सायकल म्हटली की चाक आणि आस, तरफ, घर्षणाचे फायदे, इतके लिहून आम्ही मोकळे होतो. ओल्या रिमवर काय होते हे किती पाठांत आले?

वाहनाकडे एकसंध रचना म्हणून पाहिले तर काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकल रिक्षा सुधारायला घेतली, तेव्हा पाच वेगांचा गिअर, आखूड साखळी, मागच्या चाकांना ब्रेक आणि चांगले स्प्रिंग हे बदल त्यांनी एकत्र विचार करून केले. पुढे तिला विजेची मोटारही जोडली. ओझे वाहणाऱ्या माणसाला चढ आणि थांबणे या दोन्हींचा त्रास आहे, हे आधी पाहिले आणि मग भाग निवडले.

विजेच्या मोटारीचा विषय निघालाच. जुन्या सायकलीला बसवायचे मोटारीचे संच आता मिळतात आणि मित्रांचा पुढचा बेत तोच होता. अडीचशे वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या सायकलीला मोटारवाहनाचे नियम लागू होत नाहीत, हे ठीक. पण ५३ वॅटवर १५ ने जाणारी सायकल २५ ने जाऊ लागली की थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, जवळजवळ पावणेतीन पट. ब्रेक सुधारण्याआधी मोटार बसवू नये, असे आम्ही त्यांना स्पष्टच सांगितले.

मग या सायकलीचे काय करायचे? मित्रांबरोबर बसून आम्ही ठरवले ते असे. पुढे ६२२ ची ॲल्युमिनियमची रिम, लांब भुजांचा चिमटा-ब्रेक. लांब भुजांचा अशासाठी की रिम साडेसहा मिलिमीटरने आत जाते. चिमट्याच्या माथ्यावर मडगार्डच्या बोल्टचे भोक असतेच, त्यात तो बसतो. हबच्या आत ब्रेक असलेले, ड्रमचे पुढचे चाक मिळाले तर आणखी चांगले, कारण त्याला पाण्याशी देणेघेणे नाही. फक्त त्याचा आधारदांडा चिमट्याला पक्का आवळायला हवा, नाहीतर सगळा ब्रेक हबसकट फिरायला पाहतो. कॅरिअर परत. डायनॅमो नको. सहा व्होल्ट तीन वॅटचा दिवा लावायला तो पायांकडून तीन वॅटहून बरेच जास्त घेतो. चार्जिंगचा एलईडी दिवा पुरे, मागे लाल दिवा आणि परावर्तक. सहा गिअर आता बसलेच आहेत तर राहू द्यावेत, पण साखळी दर आठवड्याला पुसावी. ज्यांनी अजून काहीच बदललेले नाही त्यांनी गिअरच्या फंदात न पडता २० किंवा २२ ची चकती शोधावी.

मित्रांची मुलगी नववीत आहे आणि ही सायकल तिला हवी आहे. तिचे वजन ४० किलो. जुन्या गिअरवर, त्या तीन टक्के चढावर, तिला पायडल सरासरी साडेतेरा किलोच्या भाराने रेटावे लागले असते आणि पाय आडवा असतानाच्या क्षणी २१ किलोच्या, म्हणजे स्वतःच्या निम्म्याहून अधिक वजनाने. म्हणून मुली चढावर उतरून सायकल ढकलतात, आणि आपण म्हणतो की मुलींना जोर नाही. नव्या गिअरवर ती तो चढ बसून चढली. आम्ही वर उभे होतो. उतरताना मात्र वडिलांनी तिला सायकल हातात धरून चालत यायला लावले. पुढचे चाक हिंगोलीच्या दुकानात सांगून ठेवले आहे, अजून आलेले नाही.